मयेकरांचा हात

आमच्या घरमालकांना रविवार मानवत नसे. जर्मनीत रविवारी ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. बाड हॉम्बुर्गमधल्या आमच्या चढाच्या गल्लीत रविवारी सकाळी इतकी शांतता असायची, की आमच्या कुकरची शिट्टी झाली तर मीच दचकायचे. आणि नेमका त्याच वेळी खालच्या गॅरेजमधून घणाचा आवाज सुरू व्हायचा. भार्गव मयेकर लोखंड ठोकायला बसलेले असायचे.

काय ठोकायचे, ते विचारू नका. गज वाकडा असला तर सरळ करायचे आणि सरळ असला तर वाकडा. जन्म मालवणच्या बाजूचा. तरुणपणी बोटीवर फिटर म्हणून लागले, नॉर्वेच्या किनाऱ्यावर एका जहाजबांधणीच्या कारखान्यात वेल्डर म्हणून राहिले, मग उत्तर जर्मनीतल्या एका यार्डात फोरमन झाले, आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरच्या घरात येऊन आमचे घरमालक झाले. उंचीने माझ्याएवढेच, पण रुंदीला दाराएवढे. मान जवळजवळ नव्हतीच. डाव्या कानाची पाळी वेल्डिंगच्या ठिणगीने कधीतरी जळून गेलेली. बायको उर्सुला, पण गावातली सगळी मराठी मंडळी तिला उषाकाकू म्हणायची आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची.

घर बघायला गेलो तेव्हा काकांनी पगाराचा दाखला मागितला नाही. माझ्या नवऱ्याला, मंदारला, एवढंच विचारलं, की मासे खाता का. मंदार सदाशिव पेठेतला. तो नाही म्हणाला तसा काकांचा चेहरा असा झाला, की आता हे दार आपल्यावरच आपटणार असं मला वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, मी खाते, बांगडा तर फारच आवडतो. किल्ली माझ्या हातात पडली. त्या दिवसापासून मंदारला ते नावानेच हाक मारायचे आणि मला 'पुणेकरीण'.

समोर हेर ब्रांट म्हणून एक निवृत्त शिक्षक राहायचे. एका रविवारी ते सपाता घालूनच रस्ता ओलांडून आले आणि काही न बोलता मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटू लागले. काका गॅरेजमधून बाहेर आले. त्यांनी ब्रांटच्या फाटकाशी जाऊन त्यांची टपालपेटी खांबावरून उपटली, ती रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि घणाने ठोकून ठोकून पोळीसारखी सपाट केली. घाई नाही, आरडाओरडा नाही. कडा नीट जुळल्यावर ती पोळी त्यांनी दोन्ही हातांनी ब्रांटना दिली. पोलीस आले, जबाब झाले, काकूने माफी मागितली. दोन दिवसांनी काकांनी त्याच खांबावर जाड पोलादाची नवी पेटी वेल्ड करून बसवली. ती अजून तिथे आहे. ब्रांट रोज तिच्यातून टपाल काढायचे, पण काकांकडे बघायचे नाहीत.

हे सगळं मी मित्रमंडळीत रंगवून सांगायचे आणि लोक हसून हसून मरायचे. काकांचा राग म्हणजे गावातला एक विनोद झाला होता. मीही तो राग लांबूनच बघितलेला होता.

मग तो आमच्या जिन्यात आला. मंदारने दह्याचे प्लास्टिकचे डबे कागदाच्या टोनेमध्ये, म्हणजे कागदासाठीच्या कचरापेटीत, टाकले. कचरा वेगळा करण्याच्या बाबतीत काका जर्मनांहून जर्मन होते. त्यांनी मंदारला कॉलर धरून भिंतीला टेकवलं आणि डबा त्याच्या नाकासमोर धरून विचारलं, हे कागद आहे का. त्या झटापटीत काकांचा पाय मंदारच्या पावलावर पडला. त्यासरशी ते थांबले. कॉलर सोडली, खाली वाकले, मंदारच्या पायाला हात लावून तो आपल्या छातीला लावला, "माफ कर हां," म्हणाले. आणि पुन्हा उठून कॉलर धरली.

पाय लागला की नमस्कार आपण सगळेच करतो. पण भांडणाच्या ऐन भरात, समोरच्याचा गळा हातात असताना, कुणी केलेला मी पाहिला नव्हता. पुढे कधीतरी चहा पिताना मी त्यांना ते बोलून दाखवलं, तर त्यांना अभिमानच वाटला. म्हणाले, "हाताने मारतो तो माणूस, पायाने मारतं ते जनावर. मी आयुष्यात कुणावर पाय टाकलेला नाही. आमच्या घरचं वळण आहे ते." काकू तिथेच बसली होती. तिला एवढं मराठी कळायचं. ती उठून आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. मला वाटलं, तिला कंटाळा आला असेल.

त्यांच्या रागाचं मला हसू येईनासं झालं ते एका हिवाळ्यात. काका आणि मी फ्रँकफर्टहून भाजी घेऊन येत होतो. एस-बानच्या, म्हणजे तिकडच्या लोकलच्या, फलाटावर दोन दारुडे माझ्या मागे लागले. एकाने माझी पिशवी ओढली, जिथून आलीस तिथे चालती हो म्हणाला, आणि माझ्या कोटावर थुंकला. काकांनी हातातला कोबी बाकावर नीट ठेवला आणि त्याच्या तोंडावर एक ठोसा मारला. त्याचा दात फलाटावर पडलेला मी बघितला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. या देशात इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्या एका ठोशात बाहेर आलं असं वाटलं.

पण काका थांबले नाहीत. दुसरा कधीच पळाला होता. पहिला खाली पडला, तरी काका त्याच्या छातीवर गुडघा रोवून मारतच होते, एका लयीत, गॅरेजमध्ये मारायचे तसे. त्याच्या नाकाच्या जागी नुसता लाल चिखल दिसत होता. मी जाकीट धरून ओढलं. काका वळले आणि त्यांचा हात माझ्यावर उचलला गेला. त्या क्षणी त्यांचे डोळे मला ओळखत नव्हते. मी कोण, फलाट कुठला, काहीच त्यांच्या लेखी नव्हतं. समोर मारायला काहीतरी आहे, एवढंच होतं. मग हळूहळू ओळख परत आली आणि हात खाली आला. "चल," म्हणाले, "कोबी घे." पुढे कोर्टकचेरी झाली, तो माणूस आधीच पोलिसांच्या माहितीतला निघाला, काका थोडक्यात सुटले. पण त्या दिवसानंतर जिन्यात त्यांची पावलं वाजली की मी दार लोटून घ्यायला लागले.

त्याच आठवड्यात काकूने मला मीराबद्दल सांगितलं. मीरा त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा फोटो दिवाणखान्यात होता, तो शाळेतला. त्यानंतरचा एकही नाही. शाळा संपता संपता ती घर सोडून गेली आणि परत आलीच नाही. जहाजांचीच इंजिनिअर झाली, आणि जिथे तिचा जन्म झाला होता त्याच नॉर्वेच्या गावात, बाप जिथे वेल्डर होता त्याच यार्डात नोकरीला लागली. तिला इंगा नावाची चार वर्षांची मुलगी होती. काकू एकदा जाऊन नात बघून आली होती. काकांनी इंगाला बघितलेलं नव्हतं, आणि इंगाने या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. काकूच्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि तिला आता प्रवास जमणार नव्हता. नातीने एकदा या घरात यावं, बागेत खेळावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने मीराला किती विनवण्या केल्या असतील ते तिचं तिला ठाऊक.

शेवटी मीरा कबूल झाली. तिची अट अशी, की बाबाने आधी इकडे यावं. ते नीट पार पडलं तर नाताळात मी इंगाला घेऊन बाड हॉम्बुर्गला येईन. मात्र सोबत आई नको, कुणीतरी तिसरं माणूस हवं. ते तिसरं माणूस मी ठरले. मंदारला अचानक रजा मिळेनाशी झाली. मीराने मला फोन केला आणि जर्मनमध्ये, एकेक शब्द तोलून सांगितलं, "त्यांनी एकदा जरी हात उचलला तरी संपलं. मारायची वाट बघणार नाही मी. उचलला, की संपलं. हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे."

मी सांगितलं. काका "गेनाऊ" म्हणाले. म्हणजे 'बरोबर'. पटलं की ते एवढंच म्हणायचे, आणि हे फार क्वचित व्हायचं. मग त्यांनी जो निश्चय केला तो बघण्यासारखा होता. रविवारची ठोकाठोकी बंद झाली. हेर ब्रांट दोनदा खिडकीत येऊन बघून गेले, म्हातारा आजारी आहे की काय म्हणून. त्यांनी खोल खिशांचं एक जाकीट आणलं आणि घरातसुद्धा ते घालून, दोन्ही हात खिशात घालून बसायला लागले. काकूने एकदा मुद्दाम त्यांचा आवडता कप फोडून बघितला. काकांचे खिसे नुसते हलले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसलो, आणि मग काकू रडली.

विमान, मग बस, मग फेरीबोट. आपल्याकडे समुद्र जमिनीला येऊन टेकतो. तिथे डोंगर वरून थेट पाण्यात कोसळतात आणि समुद्र त्यांच्या मधून आत घुसतो. त्यालाच फ्योर्ड म्हणायचं. पाऊस आडवा लागत होता. फेरीच्या कठड्याशी उभं राहून काका मला प्रत्येक वळण आधीच सांगत होते, इथे खडक येईल, इथे कारखान्याची क्रेन दिसेल.  धक्क्यावर मीरा उभी होती. तिला ओळखायला फोटोची गरज नव्हती. तोच रुंद बांधा, तीच नसलेली मान. तिने वडिलांशी हात मिळवला, ऑफिसात मिळवतात तसा, आणि पिशव्या घेऊन चालू लागली. काकांनी लगेच हात खिशात घातले.

इंगा मात्र कुणाचं ऐकणारी नव्हती. काकांनी मालवणहून कुणाकडून तरी मागवलेलं खाजं तिच्या पुढे धरलं, तिने एक तुकडा खाल्ला आणि पुढचा अर्धा तास ती काकांच्या मांडीवरून उतरली नाही. तिला फक्त नॉर्वेजियन येत होतं. काकांचं नॉर्वेजियन यार्डातलं होतं, म्हणजे त्यातले निम्मे शब्द पोरीसमोर काढण्यासारखे नव्हते. ते एखादा शब्द बोलायचे आणि लगेच जीभ चावायचे. मीरा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. पाव कापताना मला तिचा डावा हात दिसला. शेवटची दोन बोटं वाकडी होती, मिटत नव्हती आणि सरळही होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला यार्ड दाखवलं. उतारावर एक अर्धवट जहाज उभं होतं आणि त्याच्या पोटात माणसं ठोकत होती. तो आवाज बरगड्यांत घुसायचा. ठिणग्या पडत होत्या, जळक्या लोखंडाचा वास होता. काका लहान मुलासारखे पुढे पुढे जात राहिले आणि मीराने हात लावू नका म्हणून सांगितलेलं असताना वेल्डच्या सांध्यावर हात ठेवता ठेवता पिवळ्या रेषेच्या पलीकडे गेले. एका तरुण कामगाराने त्यांचा दंड धरून त्यांना मागे खेचलं आणि चारचौघांत ओरडला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काका दोन्ही हात खिशात खुपसून उभे होते. कपाळावरची शीर टरारून फुगली होती आणि जबडा असा आवळलेला, की दात तुटतील. "सॉरी," म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. मीरानेही ऐकला असावा, कारण जेवायच्या वेळी तिने त्यांना आपणहून मासे वाढले.

संध्याकाळी ऑड नावाचा एक म्हातारा काकांना भेटायला आला. भारतातला तो जुना माणूस परत आलाय म्हणून गावभर बातमी झाली होती. हा पूर्वी काकांबरोबर वेल्डर होता. त्याने सांगितलेली गोष्ट अशी, की एका हिवाळ्यात त्याने गंमत म्हणून काकांचा सुक्या बांगड्याचा डबा खिळ्यांनी भरून ठेवला. काकांनी त्याला उचलून धक्क्यावरून फ्योर्डमध्ये फेकलं. पाणी बर्फासारखं होतं. तो बुडायला लागला तशी काकांनी स्वतःच उडी मारली आणि त्याला शुद्ध राहावी म्हणून किनाऱ्यापर्यंत थोबाडीत मारत मारत आणलं. ऑड हे सांगताना हसून टेबल बडवत होता. आपला पुढचा दात दाखवून म्हणाला, हा तेव्हाचा खोटा आहे. काकाही हसले, मीही हसले. मीरा मात्र हसली नाही. ती ऑडचा कप उचलून घेऊन गेली. ज्यांना उलट मारता आलं असतं त्यांनाच या गोष्टी हसत सांगता येतात, हे मला तेव्हा दिसलं.

तिसऱ्या दिवशी डोंगर चढायचा ठरला. तिकडे घरी पाहुणा आला की त्याला डोंगरावर नेतात, आपण चहा विचारतो तसं. इंगा आपल्या बाबाबरोबर घरी राहिली. काका या वयातही पुढे होते. वर वारं सुटलं होतं, कड्यावरून पाणी खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने वर उडत होतं, बोलायचं तर ओरडावं लागत होतं. एका खडकाच्या आडोशाला आम्ही दोघी बसलो. काका पुढे निघून गेले होते. मी तिला म्हटलं, तुझे बाबा खरंच प्रयत्न करताहेत गं. रागीट आहेत, पण त्यांच्यात माणुसकी आहे. आणि मूर्खासारखं मी तिला जिन्यातली ती नमस्काराची गोष्ट सांगितली.

मीराने हातमोजा काढला. ती जर्मनमध्ये बोलत होती, अगदी सपाट आवाजात. लहानपणी तिला ती युक्ती सापडली होती. बाबा मारायला लागले की ती त्यांच्या पायाशी घुसायची, त्यांच्या पावलाखाली आपला हात सरकवायची. पाय लागला की ते थांबायचे. वाकायचे, तिला हात लावून तो छातीला लावायचे. तेवढ्या वेळात राग उतरायचा. आई रात्रपाळीला असायची, तेव्हा त्या घरात तिचं रक्षण करणारी तेवढी एकच गोष्ट होती. शेवटच्या वेळीही तिने तेच केलं. कुणा मुलाबरोबर तिला पाहिलं होतं, त्यावरून पट्टा निघाला होता. तिने हात पायाखाली घातला. बाबांनी खाली बघितलं.

"त्यांना दिसला होता माझा हात," मीरा म्हणाली. "बूट होते पायात. त्यांनी बघितलं आणि भार टाकला."

त्यानंतर ते वाकले नाहीत का, असं मी विचारलं. विचारून काय मिळवलं कोण जाणे. ती म्हणाली, वाकले. बोटं मोडल्यावर वाकले, हात लावला, छातीला लावला. तिने हातमोजा परत घातला आणि आम्ही चालू लागलो. वरच्या टोकावर काका दोन्ही खिशांत हात घालून वाऱ्यात उभे होते आणि आम्हाला खालचं गाव दाखवत होते, नुसत्या हनुवटीने. मला त्यांच्या पायांकडे बघवेना. मला त्यांचा इतका राग आला होता, की तिथून लोटून द्यावंसं वाटलं, आणि असं वाटल्याची भीतीही वाटली.

खाली आलो तेव्हा सगळे थकलो होतो. उन्हाळ्यात तिकडे जेवणाच्या वेळीही लख्ख उजेड असतो. टेबलावर उकडलेले बटाटे आणि रश्श्यातले मासे होते. मीरा मला म्हणाली, की नाताळची तिकिटं आताच बघायला हवीत, मग मिळत नाहीत. ती हे माझ्याशी बोलली, पण काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. काकांनी मान खाली घातली आणि बटाटा कुस्करत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनात काकूला सांगूनही टाकलं, की जमलं.

इंगा दिवसभर आईवाचून राहिल्यामुळे किरकिरी झाली होती. ती काकांच्या बाजूला बसली होती आणि हातात लाकडी होडी होती. तिला ती होडी काकांच्या रश्श्यात बुडवायची होती. काकांनी ताटली बाजूला सरकवली. तिने पुन्हा प्रयत्न केला, त्यांनी पुन्हा सरकवली. मग ती बाकावर उभी राहिली आणि सगळा जोर लावून ती होडी काकांच्या भुवईवर मारली. रक्त आलं. कुणाला काही कळायच्या आत काकांचा उजवा हात वर गेला. पूर्ण वर, खांद्याच्या मागे. फलाटावर बघितलेले डोळे मला परत दिसले.

इंगा दचकली नाही. डोकं खाली घातलं नाही, हात आडवा केला नाही. वर गेलेला हात म्हणजे काय, ते तिला ठाऊकच नव्हतं. खेळात जिंकल्यावर तिचा बाबा टाळी घ्यायला असाच हात वर करायचा. ती खुदकन हसली, टाच उचलून तिने आपला इवलासा पंजा काकांच्या तळहातावर आपटला, आणि पुन्हा, पुन्हा म्हणून ओरडायला लागली.

कुणी हललं नाही. काकांचा हात हवेतच राहिला आणि ती त्यावर टाळ्या देत राहिली. त्यांच्या भुवईतून रक्त गालावर उतरत होतं. मीरा उठून उभी होती. ती त्यांच्याशी कधीच मराठी बोलायची नाही. आता बोलली.

"बाबा," ती म्हणाली, "हात."

काकांनी आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं आणि तो खाली आणून खिशात घातला. मीराने इंगाला उचलून तिच्या बाबाकडे दिलं. आम्ही दोघांनी उद्या सकाळच्याच फेरीने निघायचं, असं तिने मला सांगितलं. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, त्यांनी मारलं नाही गं, थांबले ते, आपण सगळ्यांनी बघितलं.

"ते नाही थांबले," मीरा म्हणाली. "ती हसली म्हणून थांबले. पुढच्या वेळी ती हसणार नाही. तिला कळायला लागेल."

 वळून बघितलं तर काका दारात उभे होते. जखमेला टेबलावरचा कागदी रुमाल लावला होता. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते मुलीची समजूत घालतील, निदान काकूचं नाव घेतील, असं मला वाटलं. ते नुसते "गेनाऊ" म्हणाले आणि बॅग भरायला गेले.

काका त्यानंतर तीन वर्षं होते. आमच्या खालीच राहत होते. गॅरेजचा घण त्यांनी ब्रांटना देऊन टाकला. ब्रांटना त्याचं काय करायचं ते कळेना, पण त्यांनी तो घेतला. काकूचं ऑपरेशन झालं, तीन नाताळ आले नि गेले, झाडाखाली इंगासाठी ठेवलेल्या भेटी काकूने पोस्टाने पाठवल्या. मीरा इंगाला घेऊन बाड हॉम्बुर्गला आली ती काका गेल्यावर. बागेत इंगा खेळली, काकू खुर्चीत बसून बघत होती आणि मी कॉफी करत होते. त्या वेळी मीरा चुकली असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. आणि काकांसाठी पोटात तुटतं, तेही अजून थांबलेलं नाही. या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही.

त्यांची आठवण येते ती त्या सकाळच्या फेरीवरची. पाऊस थांबला होता. मीरा आम्हाला सोडायला धक्क्यावर आली आणि येताना तिने इंगाला आणलं. आणायला नको होतं, पण आणलं. फेरी सुटली तशी इंगा आईच्या कडेवरून पंजा उघडून, हात उंच करून आजोबांना दाखवू लागली. काका कठड्याशी उभे होते. भुवईवर पट्टी होती. दोन्ही हातांनी त्यांनी लोखंडी कठडा धरला होता, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत.

मी म्हटलं, "काका, हात करा ना तिला."

त्यांनी मान हलवली. मधलं पाणी रुंद होत गेलं. यार्डात कामाला सुरुवात झाली होती आणि ठोकण्याचा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होता. धक्का लहान झाला, मीराचा चेहरा दिसेनासा झाला, तरी तो छोटा हात वरच होता, उत्तराची वाट बघत. फेरी वळली आणि डोंगर मध्ये आला. काकांनी कठडा सोडला नाही.